माळ्यावरच्या पेटीचा भाव

नागपूर

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

परवा तू ग्रामोफोन रेकॉर्डींच्या पेटीचे फोटो पाठवलेस आणि खाली एकच ओळ लिहिलीस, "काका, यांचे किती येतील?" महाल भागातलं घर पाडायला काढलंय, माळा रिकामा करायचाय, कबाडी दारात येऊन चौकशी करून गेलाय. सगळं समजलं. विचारलंस त्यात काही वावगं नाही. पण उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक काम कर. पेटी आजच्या आज खाली उतरव. नवतपा तोंडावर आलाय आणि तुमचा माळा पत्र्याखाली आहे. एलपी, म्हणजे एका बाजूला बरीच गाणी मावणारी नंतरची रेकॉर्ड, विनाइल नावाच्या प्लास्टिकची असते, या उन्हात ती पापडासारखी वाकते आणि एकदा वाकली की पुन्हा सरळ होत नाही. खाली आणलीस तरी कूलरच्या खोलीत ठेवू नकोस. त्या ओलसर हवेत कव्हरला बुरशी धरते आणि कव्हरवरून ती रेकॉर्डच्या खाचांत उतरते. नागपुरात उन्हाने जेवढं नुकसान होतं तेवढंच कूलरनेही होतं, हे मी माझ्याच कपाटात पाहिलंय. आतली कोरडी खोली बघ आणि पुस्तकांसारख्या उभ्या लाव. एकीवर एक रचल्यास तर लाखेच्या तडकतील.

फोटोत लाखेच्या बऱ्याच दिसल्या. जाड, जड, मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. त्या हातातून पडल्या की काचेसारख्या फुटतात. स्पिरिटने कधीही पुसू नकोस. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी आईच्या आवडीचं एक नाट्यपद कापसाने छान घासून काढलं होतं. कापूस काळा झाला आणि गाण्याच्या जागी फक्त खरखर उरली. ती रेकॉर्ड मला आजतागायत पुन्हा मिळालेली नाही. डिस्टिल्ड वॉटर, मऊ फडकं, खाचांच्या दिशेने हलक्या हाताने, आणि मधल्या लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. एवढं पुरे.

आता भावाचं. जुनं म्हणजे महाग, असं नसतं. गाजलेल्या हिंदी सिनेमांच्या एलपी घरोघरी होत्या, त्यामुळे आज त्यांना फारसा भाव नाही. दुर्मिळ होतं ते तेव्हा न खपलेलं. मुंबईत सिनेसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग वाजवून एक एलपी काढली. कोणी घेतली नाही. २०१० साली हॉलंडमधल्या एका संग्राहकाने ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा ऐकणारे थक्क झाले. शिकागोच्या क्लबांमधून अॅसिड हाउस नावाचं जे इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत काही वर्षांनी निघालं, त्याच्या अगदी जवळचा आवाज मुंबईत आधीच वाजून गेला होता. दुसरं उदाहरण बीटल्स या इंग्लंडातल्या बँडचं. इंग्लंडात ७८च्या रेकॉर्डी १९६०च्या सुमाराला बंद झाल्या. आपल्याकडे खेडोपाडी चावीचे ग्रामोफोन चालूच होते, म्हणून कलकत्त्याजवळ दमदमच्या कारखान्यात बीटल्सची गाणीसुद्धा ७८वर निघाली. जगातले संग्राहक आज त्या शोधत भारतात येतात आणि भरपूर पैसे मोजतात. तुझ्या पेटीत असं काही मला दिसलं नाही, पण सगळ्या लेबलांचे फोटो तू कुठे काढलेस?

मला त्या पेटीत ओढ वाटली ती मात्र वेगळ्या कारणाने. टेप येण्याआधी गाणं थेट मेणाच्या तबकडीवर कोरलं जायचं, त्यावरून धातूचा साचा बनायचा आणि साच्यातून रेकॉर्डी दाबल्या जायच्या. पुढे साचा मोडीत गेला असेल, तर लोकांच्या घरात उरलेली रेकॉर्ड हेच मूळ. मागे जाऊन पुन्हा काढायला काही शिल्लकच नसतं. कॅसेटच्या काळात कंपन्यांनी खपेल तेवढंच निवडून परत काढलं. बाकीचं माळ्यांवर राहिलं.

आपल्या भागाचंच बघ. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता १९३०च्या दशकात जी. एन. जोशी यांनी रेकॉर्डवर गायली आणि मराठी भावगीताची वाट तिथून मोकळी झाली. ती गाजली म्हणून टिकली. तिच्या आगेमागे जी माणसं एखाददुसरी रेकॉर्ड देऊन परत आपल्या नोकरीला लागली, त्यांचा आवाज कोणी जपला? दुसऱ्या फोटोत डावीकडे जे लेबल आहे, त्यावरचं गायिकेचं नाव मी चाळीस वर्षांत कुठे वाचलेलं नाही. पेटी विकायची तर वीक, तुझी गरज मला कळते. पण त्या रेकॉर्डची नक्कल होईपर्यंत तिला हात लावू देऊ नकोस कोणाला.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त प्लेअरवर घाई करून वाजवू नकोस. एलपीची बारीक सुई ७८च्या रुंद खाचेत तळाला घासत जाते, गाण्यापेक्षा कचराच जास्त ऐकू येतो. उलट ग्रामोफोनची लोखंडी सुई एलपीवर ठेवलीस तर एका फेरीत ती एलपी संपली. माझ्याकडे ७८ची वेगळी सुई आहे. नक्कल केल्यावर लगेच यूट्यूबवर टाकू नकोस. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, पण कवीचा आणि संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. ना. घ. गेले २००० साली. म्हणजे रेकॉर्ड मोकळी आणि शब्द मात्र अजून बांधलेले, असंही होतं.

आणि कव्हरं फेकू नकोस, कितीही फाटलेली असोत. माझ्याकडे वडिलांची एक रेकॉर्ड आहे, तिच्या खाकी पाकिटावर सीताबर्डीच्या दुकानाचा जांभळा शिक्का आहे आणि खाली पेन्सिलीने मारलेल्या काड्या. चार उभ्या, एक आडवी. एका सुईवर एकच बाजू वाजवायची असा नियम होता, पण सुयांची डबी महिनाभर पुरवायची म्हणून वडील एका सुईवर पाच बाजू वाजवत आणि विसरू नये म्हणून काडी मारत. त्या रेकॉर्डच्या अंतऱ्यात एके जागी आवाज झिजून पातळ झालाय. तिथेच ते सुई उचलून पुन्हा मागे ठेवत. गेल्यावर्षी मी हे गाणं इंटरनेटवर स्वच्छ केलेलं ऐकलं, सगळं खणखणीत होतं, आणि ती जागा आली तेव्हा मला नीट ऐकवेना.

तुझ्या आजोबांच्या पाकिटांवरही काहीतरी लिहिलेलं असणार. ते घड्याळजी माणूस होते, मोघम काही ठेवत नसत.

रविवारी सकाळी आठच्या आत ये, ऊन चढायच्या आधी. पेटी एकटीने उचलू नकोस, ऑटोत मांडीवर घे, डिकीत नको. एक जुनी चादर मध्ये-मध्ये घाल. त्या अनोळखी बाईंची रेकॉर्ड मात्र पेटीत नको, दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून हातात आण. आधी तीच लावू.

तुझा,
काका