पायरीवर बसणाऱ्या मुलाबद्दल

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. बालवाडीत येऊन तीन आठवडे झाले तरी चपलांच्या पायरीवरून न हलणारा तो मुलगा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. "त्याला खेळात कसं ओढू?" असं तू विचारलंस. ओढू नकोस.

मी पहिल्याच वर्षी एका अबोल मुलीला ओढलं होतं. "चल गं, लाजतेस काय!" म्हणत तिला रिंगणात उभं केलं. तिने माझी दोन बोटं इतकी घट्ट धरली की नखं रुतली. मग तिचा फ्रॉक ओला झाला आणि पोरं हसली. त्यानंतर कितीतरी दिवस शाळेचं फाटक दिसलं की ती आईच्या पदरात तोंड खुपसायची. चूक माझी होती.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर पती-पत्नींनी १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा तान्हेपणापासून अभ्यास केला. त्यातली साधारण १५ टक्के मुलं नव्या जागेत, नव्या माणसांत हळूहळू रुळणारी होती. त्यांना आजार नव्हता, वेळ हवा होता.

आता त्याच्या आईकडे बघ. तू त्याला नाव विचारलंस की उत्तर कोण देतं? त्याचे ओठ हलायच्या आत तीच देत असणार, आणि वर "फार लाजाळू आहे हो" हेही. करते मायेपोटीच, पण पोराला कळतं ते एवढंच की हे आपल्याला जमणार नाही. मानसशास्त्रज्ञ केनेथ रुबिन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली हेच मांडलं: आई सतत मध्ये पडते किंवा टोचून बोलते, तिथे दोन वर्षांचं बुजरं मूल चौथ्या वर्षीही इतर मुलांपासून बाजूलाच राहताना दिसतं. तिला एकटीला गाठून सांग, की प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा. त्याच्यासमोर हा विषय काढू नकोस.

वर्गात त्याला सगळ्यांत नको, एकाच शांत मुलाशेजारी बसव. मध्ये बाटल्यांच्या मोठ्या रंगीत झाकणांची टोपली ठेव. बोलणार नाहीत, एकमेकांकडे बघणारही नाहीत. पण एक दिवस लाल झाकण हळूच पलीकडे सरकवलं जाईल. त्या क्षणी "शाब्बास" म्हणू नकोस, दुसरीकडे बघ.

आणखी एक. शांघायमध्ये १९९० साली बुजरी मुलं वर्गात आवडती होती. २००२ पर्यंत तशाच मुलांना सवंगडी टाळू लागले होते. स्वभाव तोच, भोवतालचं शहर बदललं होतं. म्हणून तुझ्या वर्गात कौतुक फक्त मोठ्याने गाणं म्हणणाऱ्याचं होतं का, हे जरा तपास.

ढकलाढकली करणाऱ्या मुलीबद्दल पुढच्या पत्रात लिहीन, तिची गोष्ट वेगळी आहे. सोमवारी त्याच्या आईशी बोललीस की कळव.

तुझी,
ताई