गॅरेजमधली एलईडी ट्यूब बटण बंद केल्यावरही मिणमिणते. ट्यूब बदलू का?

थांबा, ट्यूब बहुधा चांगली आहे. बटणाने फेज (वीज आणणारी वायर) तोडायला हवी, तुमच्याकडे न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) तुटत असणार. म्हणजे बटण बंद असतानाही फिटिंगमध्ये 230 व्होल्ट हजर! शिडीवर चढून ट्यूब काढणाऱ्याला झटका यातूनच बसतो, त्यामुळे हे चालवून घेऊ नका.

बटण बंद ठेवून फिटिंगच्या कनेक्टरमधल्या दोन्ही स्क्रूंना टेस्टर लावा. लख्ख पेटला तर फेज थेट आलीय. मेन एमसीबी (घराची वीज बंद करणारा मुख्य स्विच) पाडा, बोर्ड उघडा. बटणाच्या एका स्क्रूला फेज, दुसऱ्याला ट्यूबकडे जाणारी एक वायर. ट्यूबची दुसरी वायर थेट न्यूट्रलला. लाल फेज, काळी न्यूट्रल हा नियम जुन्या वायरिंगमध्ये पाळलेला असतोच असं नाही, म्हणून एमसीबी पाडण्याआधीच टेस्टरने खात्री करून वायरींना खूण करा. हात बसलेला नसेल तर हे वायरमनकडूनच करून घ्या.

टेस्टर जेमतेम पेटला तर बटणातला इंडिकेटर (छोटा दिवा) काढून बघा, त्यातून थोडा करंट जातो. तरीही मिणमिणलं तर फिटिंगच्या फेज-न्यूट्रलमध्ये 0.1 मायक्रोफॅरडचा, 275 व्होल्ट एसीचा एक्स2 (थेट फेज-न्यूट्रलमध्ये लावायला सुरक्षित प्रकारचा) कपॅसिटर लावा. दुसरा कुठलाही नको. फक्त पावसाळ्यातच होत असेल तर जंक्शन बॉक्समधली ओल शोधा.