मालिकेतली फूट कायद्यात बसते का?

प्रश्न : एका राजकीय वेबमालिकेच्या दुसऱ्या सीझनवरून आमच्या विश्रामबागेतल्या कट्ट्यावर दोन तट पडलेत. ५४ आमदारांच्या पक्षातले १८ फुटून विरोधात मत देतात, सरकार पडतं. हे शक्य आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सीझन रटाळ झालाय ही तक्रार सोडून देऊ, तिला कायद्यात इलाज नाही. १८ म्हणजे एक तृतीयांश. लेखकांनी जुना नियम धरलेला दिसतो. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यात एवढी फूट चालायची. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीनं ती पळवाट बुजवली. आता दुसऱ्या पक्षात विलीनीकरण आणि त्याला दोन तृतीयांश, म्हणजे ३६ आमदारांची संमती लागते. (१९७८मध्ये तुमच्या वसंतदादांचं सरकार गेलं, तेव्हा हा कायदाच नव्हता.)

पण ‘सरकार पडणारच नाही’ म्हणणारेही चुकतात. व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षादेश, मोडून दिलेलं मतही मोजलं जातं. २८८ जण हजर असताना १४५ जमले नाहीत की सरकार गेलं. अपात्रतेचा निर्णय नंतर, विधानसभा अध्यक्षांपुढे सुनावणी होऊन. पक्षानं १५ दिवसांत माफ केलं तर तोही नाही. मतदान संपताच सभागृहातच आमदारकी जाते, तो प्रसंग मात्र निव्वळ नाटकी.