“काही नाही” म्हणणारा मुलगा

“मॅडम, पोरगं हातातून गेलं हो.” खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्या बोलून मोकळ्या झाल्या.

सांगलीकडचं एकत्र कुटुंब. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) मुलगा नववीत, नुकतंच पंधरावं लागलेलं. गेल्या गणपतीपर्यंत शाळेतून आला की दप्तर टाकून आईच्या मागेमागे स्वयंपाकघरात. कोणी कोणाचा डबा पळवला, कुठल्या सरांनी कोणाला बाकावर उभं केलं, सगळं तिथेच कळायचं. आता आला की खोलीत जातो आणि कडी लावतो. काय झालं विचारलं तर “काही नाही”. भाजी कुठली करू विचारलं तरी “काही नाही”. रात्री बारापर्यंत जागा, सकाळी गदागदा हलवावं तेव्हा उठणार.

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या दहा आयांपैकी निम्म्या तरी हेच सांगतात. त्यामुळे माझंही डोकं ठरलेल्या वाटेने गेलं आणि मी मोबाइलबद्दल विचारत बसले. वीस मिनिटं त्यात गेली, हाती काही लागलं नाही.

त्या दिवशी त्यांच्याबरोबर धाकट्या जावेचा अडीच वर्षांचा मुलगा होता. जाऊबाई बँकेत, म्हणून तो दिवसभर यांच्याकडे. निघायच्या वेळी त्याला सँडल घालायचे होते. मी सहज हात पुढे केला तर अंगावर ओरडला, “मी! मी! तू नको!” डावा पाय उजव्यात, पट्टा उलटा, पुन्हा काढला, पुन्हा घातला. मी घड्याळाकडे बघत होते, बाहेर पुढचे लोक बसले होते. पण या बाई शांत. मला म्हणाल्या, “घालू दे त्याला. आपण मदत केली की सगळं काढून पहिल्यापासून सुरू करतो.”

मी त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी थोरल्याला घेऊन या, आणि तोवर तुम्ही आत्ता जे बोललात ते जरा आठवत राहा.

एरिक एरिक्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० मध्ये माणसाच्या जन्मापासून म्हातारपणापर्यंतच्या आठ अवस्था मांडल्या. प्रत्येक अवस्थेत एक ओढाताण. तान्ह्या बाळाची, या जगावर भरवसा ठेवावा की नाही. दीड ते तीन वर्षांच्या पोराची, माझं मी करीन की लाज वाटून मागे सरेन. मग पुढाकार, मग शाळेच्या वयात “मला जमतं की मी ढ”, आणि बाराच्या पुढे “मी कोण”. या माणसाला स्वतःचा जन्मदाता बाप कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही. सावत्र वडिलांच्या आडनावाने वाढला आणि १९३९ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेताना एरिक्सन हे आडनाव त्याने स्वतःच लावून घेतलं. “मी कोण” त्याला कुठून सुचलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

या अवस्था एसटीच्या थांब्यांसारख्या नसतात, एक मागे पडला की संपला, असं होत नाही. एरिक्सनचंच म्हणणं होतं की पौगंडावस्थेत मुलं लहानपणच्या लढाया नव्याने लढतात. पंधराव्या वर्षी लावलेली कडी म्हणजे अडीच वर्षांचं “मी! तू नको!” परत आलेलं असतं. फरक एवढाच, की तेव्हा आपल्याला त्याचं कौतुक वाटतं आणि आता छातीत धस्स होतं.

पुढच्या आठवड्यात थोरला आला. उंची एकदम वाढलेली, खांदे आत घेऊन बसलेला. या वयात मुलगा वर्षाला आठ-दहा सेंटिमीटरही वाढतो, स्वतःच्या हातापायांचा अंदाज त्याला येत नाही. झोपेचं घड्याळही शरीरच पुढे सरकवतं, रात्री लवकर झोप येतच नाही. त्याला सगळे आळस म्हणतात. (तरी फोन उशाशी नको, हे मी त्याला सांगितलंच.)

आईला बाहेर बसवलं. बराच वेळ तो टेबलाच्या कडेचा सुटलेला सनमायका उचकटत राहिला, मी उचकटू दिला. मग म्हणाला, “आईला सांगायला काही नाही हो. पण आईला सांगितलं की रात्री बाबांना कळतं, सकाळी आजीला, रविवारी मामाला.”

आणि मग गणपतीचा विषय निघाला. घरच्या आरतीत दरवर्षी हाच वरच्या पट्टीत गायचा. यंदा मधेच आवाज फाटला. वयात येताना स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज स्थिरावेपर्यंत काही महिने तो कुठेही घसरतो. काकांनी नेमका तेवढाच व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. पुण्याच्या आत्यापासून सगळ्यांनी हसण्याची चित्रं पाठवली. आईनेसुद्धा.

“आई पण हसली?” मी विचारलं.

“आईनेच पुढे मावशीला पाठवला.”

कोणाच्या मनात वाईट नव्हतं. आपल्याकडे पोरांना चिडवणं हे लाड करणंच असतं. पण एरिक्सनच्या दुसऱ्या अवस्थेत स्वतःचं स्वतः करण्याच्या समोर जी गोष्ट उभी आहे ती नेमकी लाज. हा मुलगा आईवर रुसलेला नव्हता, तो झाकून घेत होता.

त्याच्या परवानगीने, त्याच्या समोर, मी हे आईला सांगितलं. त्यांचे डोळे भरले. मग थोड्या रागाने म्हणाल्या, “म्हणजे मी त्याला काही विचारायचंच नाही? चौदा वर्षं मी दुसरं केलंय काय?”

हा प्रश्न मला मुलाच्या प्रश्नाइतकाच मोठा वाटतो. चाळिशीतल्या माणसालाही एक ओढाताण असते: मी कोणाच्या उपयोगी पडतेय, काही रुजवतेय, की नुसतीच साचून राहिलेय. मुलगा दार लावतो तेव्हा आईचं हे दुखतं, आणि घरात त्याबद्दल कोणी तिला विचारत नाही. त्या बैठकीचा उरलेला सगळा वेळ आम्ही त्यांच्याचबद्दल बोललो.

आजोबांनी निरोप पाठवला होता: “लालयेत् पञ्च वर्षाणि, दश वर्षाणि ताडयेत्.” म्हणजे पाच वर्षं लाड करा, पुढची दहा वर्षं मार द्या. श्लोकाचा उत्तरार्ध, सोळाव्या वर्षी मित्रासारखं वागा, तो मात्र निरोपात नव्हता. बापाची चप्पल पोराच्या पायाला आली की हात उचलायचा नसतो, हे आपल्याकडे न शिकलेली माणसंही सांगत आली आहेत.

मी फार काही सांगितलं नाही. दार वाजवून आत जा. प्रश्न विचारण्यापेक्षा बरोबर काहीतरी करा, शेंगा सोला, बाजारात न्या. समोरासमोर बसवलं की ही मुलं मुकी होतात. व्हिडिओ काकांना काढून टाकायला सांगा. आणि तो पुढे कधी काही बोललाच, तर एक गोष्ट फक्त तुमच्यापाशी ठेवून दाखवा.

प्रत्येक बंद दार असं निरुपद्रवी नसतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल उदास राहिलं, झोप-जेवण पार बिघडलं, मित्रही सुटले, आवडीचा खेळ सुटला, अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या किंवा “मी नसतो तर बरं” असं निघालं, तर “वय आहे” म्हणून बसू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही. या मुलाचे मित्र होते, संध्याकाळचा कबड्डीचा डाव होता, म्हणून मी थांबायला तयार होते.

दीडेक महिन्याने त्यांचा फोन आला. मागे धाकटा कशावरून तरी किंचाळत होता.

“मॅडम, काल रात्री भांडी आवरताना तो आला. ओट्यापाशी उभा राहून एक गोष्ट सांगितली त्याने.”

“काय?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“ते नाही सांगणार,” त्या म्हणाल्या. “ह्यांनाही नाही सांगितलं अजून. पोट नुसतं फुगलंय माझं. सांगितलं नाही एवढंच सांगायला फोन केला.”