नव्या सचिवांसाठी: व्यवस्थापक समितीची सभा

सोसायटीच्या सचिवपदाची जबाबदारी तुम्ही नुकतीच स्वीकारली आहे, म्हणून सांगतो की सभा लांबते ती बहुधा चर्चेमुळे नव्हे, तर अपुऱ्या तयारीमुळे. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे) व्यवस्थापक समितीची सभा महिन्यातून किमान एकदा घ्यावी लागते आणि तिची सूचना सदस्यांना पूर्ण 3 दिवस आधी मिळावी लागते. त्या सूचनेसोबतच विषयपत्रिका, थकबाकीची यादी आणि आलेली दरपत्रके पाठवावीत. आमच्या समितीत लिफ्टच्या देखभाल कराराची तीन दरपत्रके ऐन सभेत उघडली गेली, एकात सुटे भाग धरलेले आणि दुसऱ्यात वगळलेले होते, आणि ती तुलना करण्यातच दीड तास गेला. त्यानंतर मी एका कागदावर तिन्हींचा तक्ता करून आधीच वाटू लागलो आणि तोच विषय पंधरा मिनिटांत संपू लागला.

खर्चाचे व गळतीचे विषय प्रथम घ्यावेत. पार्किंगचा वाद शेवटी ठेवावा, कारण तो एकदा सुरू झाला की बाकीचे सारे मागे पडते. प्रत्येक ठराव तिथेच मोठ्याने वाचून, सूचक, अनुमोदक आणि काम कोण, कधीपर्यंत करणार हे इतिवृत्तात लिहून घ्यावे. गणपूर्ती (सभेसाठी लागणारी किमान उपस्थिती) झाली नसेल, तर आलेल्यांचा वेळ वाया जाईल एवढ्याच कारणाने निर्णय घेऊन टाकू नयेत. तसे निर्णय पुढे टिकत नाहीत.