डिकीवरची अक्षरं काढताना

प्रश्न : गाडीच्या डिकीवरची मॉडेलच्या नावाची अक्षरं काढायची आहेत. रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून काय करावं?

उत्तर : आधी तो भाग शाम्पूने धुवा, कारण अक्षरं दोऱ्याने सोडवायची आहेत आणि दोऱ्याखाली धुळीचा कण आला तरी चरा उमटतो. हेअर ड्रायर १५ सेंमी अंतरावरून दोनेक मिनिटं फिरवत ठेवा. पत्रा हाताला सोसवेल इतकाच तापवा. मग मासेमारीचा नायलॉन दोरा अक्षरामागे घालून करवतीसारखा ओढा. स्क्रूड्रायव्हर अजिबात नको. उरलेला चिकट फोम अंगठ्याने चोळला की वळ्या होऊन निघतो. गोंदाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. थिनर नको, त्याने रंग मऊ पडतो. दोरा अडला तर थांबा, आत अक्षराची पिन असू शकते, म्हणजे तिच्यासाठी पत्र्याला भोक असणार. डिकी पुन्हा रंगवलेली असेल तर पोपडाच निघण्याची भीती असते. जुन्या गाडीवर अक्षरांची सावली राहते, कारण भोवतालचा रंग उन्हाने विटलेला असतो. पॉलिशने ती फिकी होते, पूर्ण जाईलच असं नाही.