शिलाई मशीन दिली, पण तिला विचारलं होतं का?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही जुन्या वस्तीतून शिकून बाहेर पडलेले दहा-बारा जण दरवर्षी पैसे गोळा करून वस्तीसाठी काहीतरी करतो. मागच्या वर्षी बायकांना शिलाई मशीनी दिल्या. परवा एका घरी गेलो तर मशीनवर चादर टाकलेली आणि वर मुलांची दप्तरं रचलेली, मन खट्टू झालं. लोकांनाच नको असेल तर आपण कशाला जीव काढायचा? की आमचंच काही चुकतंय?

उत्तर: दादा, चुकतंय. पण तळमळ खरी आहे तुमची, त्यामुळे दुरुस्त होईल. अशा चादरीखाली काय असतं ते मी बऱ्याच घरांत बघितलंय, कुठे बॉबिन केस तुटलेली असते आणि दुरुस्त करायला कुणी नसतं, कुठे शिवलेलं घेणार कोण याचाच पत्ता नसतो, आणि कुठे तर बाळाला सांभाळायला कुणी मिळालं असतं तर ती बाई बाहेर कामाला जायला एका पायावर तयार होती, तिला मशीन नकोच होती! काय हवंय ते तिला आधी विचारलं होतं का?

अमेरिकेत बॉस्टनच्या डडली स्ट्रीट भागात अगदी हाच प्रश्न आला होता. १९८० च्या दशकात तिथली बरीच जमीन ओसाड पडलेली, घरं जळालेली, बाहेरचे लोक रात्री कचरा आणून टाकायचे. एक फाउंडेशन, म्हणजे देणग्या देणारी संस्था, मदत करायला पुढे आलं, काय करायचं ते ठरवणाऱ्या कमिटीचा आराखडा झाला, २३ जागा आणि त्यात रहिवाशांना फक्त ४. १९८५ च्या सभेत रहिवाशांनी तो सरळ नाकारला. मला सगळ्यात आवडतं ते पुढचं, पैसे देणारे रुसून गेले नाहीत, मागे सरले, आणि रहिवाशांचं बहुमत असलेलं मंडळ झालं. त्यांनी आधी हात घातला तो कचऱ्याला, कारण नाकाशी रोज तेच होतं. १९८८ मध्ये तर ओसाड खाजगी जमीन ताब्यात घेण्याचा अधिकार शहराने त्यांना दिला, जो सहसा सरकारकडेच असतो. त्या जमिनीवर घरं झाली, जमीन मंडळाने उभारलेल्या ट्रस्टच्या नावावर, घर राहणाऱ्या माणसाच्या, आणि विकताना किमतीला मर्यादा. हे फार महत्त्वाचं आहे दादा, कारण वस्ती सुधारली की भाडी वाढतात आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला तेच लोक बाहेर फेकले जातात, मग समानता कुठली आणि कसली.

आता काम मिळण्याचं. अमेरिकेतल्याच क्लीव्हलँड शहरात १९१४ साली फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने शहरातल्या लोकांच्या देणग्यांचा एक कायमचा फंड उभा केला, गरज बदलली तर पैशाची वाटही बदलता यावी म्हणून. त्याच फंडाने, म्हणजे क्लीव्हलँड फाउंडेशनने, पुढे शहरातल्या मोठ्या हॉस्पिटल आणि युनिव्हर्सिटीला सोबत घेऊन एव्हरग्रीन नावाच्या सहकारी कंपन्या उभ्या करायला मदत केली. त्यातली लाँड्री २००९ मध्ये सुरू झाली, आणि कामगारच तिचे मालक होऊ शकतात. हॉस्पिटलच्या चादरी रोज मळणारच, म्हणजे गिऱ्हाईक आधी शोधलं आणि काम त्याच्या मागून उभं केलं. तुमच्याकडे उलटं झालं, मशीन आधी आली आणि गिऱ्हाईक आलंच नाही.

तर यंदा काही जाहीर करू नका. कमिटीत निम्म्याहून जास्त जागा वस्तीत आज राहणाऱ्यांना द्या, त्यातही बायकांना, आणि नुसतं बसवू नका, पैसे कुठे जातील यावर मत द्यायचा हक्क द्या. ते कदाचित पाळणाघर मागतील किंवा म्हणतील आधी सावकाराचं कर्ज फेडायला मदत करा, तुमच्या मनात नसलेलं मागतील, तर मागू द्या. जवळचं हॉस्पिटल, शाळा, ऑफिस, तिथे गणवेश आणि चादरी कोण पुरवतं ते विचारून या, तुमच्या ओळखी तिथे खऱ्या कामाला येतील, पैशापेक्षाही जास्त. दुरुस्तीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवा.

आणि त्या ताईंच्या घरी परत जा, या वेळी फोटो नको. त्यांच्या परवानगीने ती दप्तरं उतरवा, चादर काढा आणि मशीन चालते का तेवढं बघा, मग निवांत बसून त्यांना बोलू द्या.